नळाचं पाणी

"आयका नं सर!" म्हणत आमचे लॅब अटेंडंट तोंडावर बोट ठेवायचे, तेही नेमकं मी फळ्यावर बेडकाचं हृदय काढत असताना. खिडकीबाहेर बेडूक ओरडत असायचा. "हा मोठा पिवळा. कालचाच हाये." बेडकाचा आवाज ओळखणाऱ्या या माणसाला मी मागितलेला चिमटा मात्र सापडायचा नाही. आता बोला!

हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात विच्छेदनासाठी बेडूक आणायचं काम त्यांच्याकडे होतं. लॅबमागच्या डबक्यातून पोतं भरून आणायचे आणि जे चिरायचे राहिले ते पुन्हा तिथेच सोडून यायचे. पुढे पावसाचं तंत्र बिघडलं. धो-धो कोसळायचा, बेडूक अंडी घालायचे, मग तीन-तीन आठवडे कडक ऊन. पाय फुटायच्या आतच बेडूकमासे चिखलात वाळायचे. हवामान बदलतंय, हे मी त्यांना दहादा सांगितलं. त्यांचं एकच, "मीच पोत्यानं नेले, म्हून कमी झाले." समजावून थकलो.

एका जुलैत डबकं आटायला आलं. त्याच दिवशी विद्यापीठाची माणसं तपासणीला यायची होती आणि हे बादली घेऊन दारात उभे. "सर, नळाचं टाकलं तं चालते का?"

"पाणी ते पाणी! टाका आणि या लवकर."

गावात साथ होती. नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास मारत होता, सकाळच्या चहातही तो आला होता. प्राणिशास्त्र शिकवणारा मी!

दुसऱ्या दिवशी सगळे बेडूकमासे पोट वर करून तरंगत होते. "तुमचा दोष नाई सर. मीच घाई केली," ते म्हणाले. त्यांनी चिडायला हवं होतं. मला लाज वाटली, अजून वाटते.

त्यानंतर ते बादल्या भरून दोन दिवस उन्हात ठेवायचे. "वास जाऊ द्या लागते." पण पाऊस दरवर्षी तसाच दगा द्यायचा आणि आवाज कमी होत गेले. एका पावसाळ्यात त्यांनी पुन्हा तोंडावर बोट ठेवलं.

"आयका नं सर."

"काहीच ऐकू येत नाही हो!"

"तेच तं."

निवृत्त होऊन ते वडनेरला गेले आणि तिथेच वारले. पावसाने दडी मारली की मी लॅबमागे दोन बादल्या भरून उन्हात ठेवतो. नवा अटेंडंट विचारतो, "कोणासाठी भरून राह्यले सर?"

मी वैतागून तोंडावर बोट ठेवतो आणि डबक्याकडे कान लावतो.