बाही तेवढीच, कंबर वाढली

टेलरबाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. शिलाई मशीन, कापायचं मोठं टेबल आणि खिळ्यांना टांगलेले अर्धवट कपडे. गल्लीत म्हणत, या बाईंच्या नजरेतच टेप आहे. पण घरात सात वर्षांची मुलगी खंगत चालली होती आणि तिचं काय बिनसलंय, ते काही केल्या हाती लागत नव्हतं.

मुलीला सगळे खारूताई म्हणत, कारण पूर्वी ती एका जागी दोन मिनिटं ठरत नसे. पाचव्या वर्षी पोट दुखायला लागलं. पोट टम्म फुगायचं, जुलाब व्हायचे. चार दिवस बरे गेले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जंताची औषधं झाली, पाणी उकळून झालं, दूध बंद करून झालं. पोटाला हलकं म्हणून बाई तिला टोस्ट आणि बिस्किटं द्यायच्या. एका डॉक्टरांनी तर मुलीऐवजी आईलाच तपासल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही घाबरता, म्हणून ती घाबरते."

खारूच्या आत्याचं निदान त्याहून झटपट होतं. "शाळा बुडवायची नाटकं आहेत, वहिनी. दोन दिवस लक्ष देऊ नका, बघा कशी सुतासारखी सरळ होते."

एका दुपारी गिऱ्हाईक दारात उभं असताना खारूने पोट धरलं, तेव्हा बाईंच्या तोंडून निघून गेलं, "आज मला वेळ नाही हं तुझ्या दुखण्याला."

त्यानंतर तीन दिवस मुलीने हूं की चूं केलं नाही. आत्याचं खरं ठरलं, असं बाईंना वाटू लागलं. चौथ्या दिवशी खाली पडलेली कात्री उचलायला त्या वाकल्या, तर टेबलाखाली खारू अंगाचं मुटकुळं करून बसलेली. दातांत चिंधीचा बोळा घट्ट धरला होता, आवाज बाहेर येऊ नये म्हणून.

बाईंनी तिला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आता कुणाचंही ऐकायचं नाही." नवरा बस चालवायचा, मुळात मितभाषी. तो एवढंच म्हणाला, "मी कधी ऐकत होतो?"

पुढच्याच आठवड्यात शाळेचे गणवेश शिवायला आले. खारूचं माप घेऊन बाईंनी मापांची वही उघडली आणि त्यांचा हात थांबला. दोन वर्षांत उंची जेमतेम बोटभर वाढली होती. बाही तेवढीच. कंबर मात्र दोन इंच जास्त. त्यांनी तिच्या वर्गातल्या इतर मुलींची पानं काढली. सगळ्या चार-पाच इंच वाढलेल्या.

ती वही घेऊन त्या मोठ्या दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टरबाईंकडे गेल्या. डॉक्टरबाईंनी पानं मागे उलटली, पुन्हा पुढे उलटली.

"ही मापं कोणी घेतली?"

"मीच. कपडे शिवते मी."

"माप चुकलं असेल, असं काही?"

"माप चुकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येतं, बाई."

डॉक्टरबाई हसल्या आणि रक्ततपासणी लिहून दिली. मग तोंडातून नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढला. आठ दिवस बाईंनी ज्या टिपा घातल्या, त्यातल्या निम्म्या उसवाव्या लागल्या.

निकाल ऐकायला नवराही बसची पाळी संपवून आला. खारूच्या शरीराला गहू चालत नव्हता. त्याने आतडी आतून सोलवटत होती, म्हणून अन्न अंगी लागत नव्हतं.

"म्हणजे मी दिलेले टोस्ट..." बाई पुटपुटल्या.

"कुठल्याही आईने तेच दिलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गहू आयुष्यभर बंद ठेवावा लागेल. पण आतडी भरून येतात, मुलं वाढतात." मग त्या खुर्ची ओढून खारूसमोर बसल्या. "तू खरं सांगत होतीस, बरं का."

खारूने वळून आईकडे पाहिलं. बाईंनी हो म्हणून मान हलवली. डोळे पुसायला पदर पुरेना, तेव्हा नवऱ्याने खिशातला बस पुसायचा फडका पुढे केला. त्यावर तिघंही हसली.

घरातलं गव्हाचं पीठ त्याच संध्याकाळी शेजारी गेलं. आत्या आठवडाभर फिरकली नाही, मग तांदळाच्या पिठाची बिस्किटं घेऊन आली. खारूने एक चावून पाहिलं. "आत्या, हे दगड आहेत."

"मग चोख," आत्या म्हणाली आणि गुपचूप तिच्या केसांवरून हात फिरवत बसली.

पाच महिन्यांनी शाळेतून चिठ्ठी आली. मुलगी वर्गात बोलते फार, मधल्या सुट्टीत भिंतीवर चढते, समज द्यावी. बाईंनी ती उभ्याने वाचली, बसून वाचली, नवरा आल्यावर त्याला वाचून दाखवली.

"रागवायला हवं," तो म्हणाला.

"हो ना," बाई म्हणाल्या. "तुम्हीच रागवा. मला काही जमायचं नाही."