सेनच्या दुपारी

या सदरातले अनुभव मी आजवर झोप येईपर्यंत चाळायचे म्हणून चाळत आलो. विश्वास कधी नव्हता, आणि भुतांवर तर आजही नाही. मी सांगतोय त्यात भूत नाहीच. दोन बायका आहेत, भर दुपार आहे, आणि एक गोष्ट आहे जी आठ महिने विचार करूनही मला उलगडलेली नाही...

जागा नीट सांगतो. भाईंदर स्टेशनवरून पश्चिमेला चालत गेलं की मोरवा गाव लागतं. गावाच्या कडेला आमच्या भाड्याच्या दोन कौलारू खोल्या, मागे ओटा, ओट्यापुढे थेट मिठागरं. उन्हाळ्यात तिथल्या पाण्याचा उजेड आमच्या आढ्यावर हलत राहायचा. दुपारी घर पाण्याखाली बुडाल्यासारखं वाटायचं. मी मिठागराच्या कचेरीत कारकून.

माझी बायको ब्रह्मदेशातली. नाव मा सेन. रंगूनला मी तांदळाच्या गिरणीत नोकरीला होतो, तिथेच आमचं लग्न झालं. तिथे मी तिच्याशी तिच्याच भाषेत बोलायचो, सात वर्षं. मग लढाई आली आणि आम्ही डोंगरांतून चालत निघालो. वाटेत आमची दहा महिन्यांची मुलगी तापाने गेली. सेन स्वतः तापात बेशुद्ध होती. मी मुलीला माझ्या कोटात गुंडाळलं आणि एकट्याने ओढ्याकाठी पुरलं. सेन शुद्धीवर आल्यावर तिला एवढं सांगितलं. पुढे आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही, आणि इकडे आल्यावर मी ते कोणालाही सांगितलं नाही. हे कृपा करून लक्षात असू द्या.

भाईंदरला आल्यावर मी एक निर्णय घेतला – शिकलेल्या माणसाला सुचावा तसा. घरात ब्रह्मी भाषा बंद. सतत कानावर पडली की नवी भाषा येते, असं मी कुठेसं वाचलं होतं. ब्रह्मीत सेन म्हणजे हिरा, म्हणून तिला हिरा म्हणू लागलो. तिने ब्रह्मीत काही विचारलं तरी मी उत्तर मराठीत द्यायचो. दोन-तीन महिन्यांत तिने विचारणंच सोडलं. तीन वर्षांत तिला मराठी आलं ते एवढंच : पाणी, मीठ, या, बसा, हो. मला वाटायचं, येईल हळूहळू.

तिच्याकडे येणारं माणूस एकच. धुरपाबाय – मोरव्याचीच कोळीण, साठीच्या पुढची. टोपलीतला जवळा खपला की आमच्या ओट्यावर टेकायची. एकदा मी दुपारी लवकर घरी आलो, तर दारातच दोघींचे आवाज ऐकू आले. सेन ब्रह्मीत बोलत होती, भरभर, रंगूनला बोलायची तशी. लहानपणी तिने वडिलांची होडी गुपचूप सोडून नेली होती, ती हकिकत. धुरपाबाय मध्येच हसून म्हणाली, "मंग? बापूस चिडला आसंल." सेनही हसली आणि पुढे सांगू लागली.

मी आत गेलो तशा दोघी गप्प झाल्या.

"काय चाललंय, धुरपाबाय?"

"काय न्हाय, भाऊ. बायकांचं हाय. तू जा, जेव."

मला गंमत वाटली. दोघी आपापलं बोलतायत, वेळ जातोय बिचाऱ्यांचा... बापूस तेवढा योगायोगाने जुळला असेल. संध्याकाळी मी सेनला म्हणालो, "हिरा, तिच्याशी मराठीत बोल. शिकशील." ती "हो" म्हणाली.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस हिवतापाने ती गेली. चार दिवसांत. मी उशाशी बसून "बरं वाटेल, बरं वाटेल" म्हणत होतो, तेही मराठीतच. ती गेल्यावर एकच गोष्ट मन खात राहिली. ही बाई तीन वर्षं या घरात मुक्याने जगली, आणि तिला मुकं मी केलं.

पंधराएक दिवसांनी, दुपारीच, धुरपाबाय आली. टोपली रिकामी होती. ओट्यावर टेकली. मग म्हणाली, "पोरीला कोटात गुंडाळलीस ते लय बरं केलंस, भाऊ. सेन बोलाची, सवता कुडकुडत चालला, पन कोट पोरीला दिला."



"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोनी म्हंजे? तिनंच."

"कुठल्या भाषेत?"

"आपल्याच की. मना दुसरी कंची येते? मी काय तुझ्यासारकी शिकलेली हाय?"

"तिला मराठी येत नव्हतं, धुरपाबाय."

"काय पन बोलतोस. दोन वरसं डोकं खाल्लं तिनं माझं."

मग मला एक सुचलं. मी तिला ब्रह्मीत विचारलं, "जेवलीस का?" तिकडे भेटल्यावर हेच विचारतात. तीन वर्षांनी ते शब्द तोंडात आले, जीभ अडखळली. धुरपाबाय कपाळाला आठ्या घालून बघत राहिली.

"ही कंची भास?"

"तिची."

"हॅट. ती अशी कवा बोलाची?"

शेवटी जे विचारायला भीत होतो ते विचारलं. "माझ्याबद्दल काय म्हणायची?"

तिने पदराने तोंड पुसलं. "बोलाची, मानूस चांगला हाय, पन मुका झालाय. रंगूनला लय बोलाचा. पोर गेली तशी त्याची वाचा गेली. मी सांगाची तिला, थांब जरा, येईल परत. ती बोलाची, थांबलीच हाय मी."

मी हे एका डॉक्टर मित्राला सांगितलं. तो म्हणाला, दुःखात माणूस नसलेले धागे जुळवतो. असेल. पण मग कोटाचं काय? खाणाखुणांनी एवढं सांगता येतं का? मी खूप डोकं चालवलं, उत्तर मिळालेलं नाही. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा.

धुरपाबाय अजून येते. ओट्यावर बसून मी आता ब्रह्मीत बोलतो – सेनला तीन वर्षांत सांगायचं राहिलं ते. धुरपाबायला त्यातलं अक्षर कळत नाही, मी विचारून पाहिलंय. मी थांबलो की ती म्हणते, "बोल, बोल. ऐकतेय मी."