उशीर शोधायला निघालो तेव्हा

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण हा गाढवपणा मी पूर्ण शुद्धीत केलेला आहे.

चितेगावच्या एका कारखान्यात मी ट्रेनी इंजिनिअर होतो. तिथं पंपाचे सुटे भाग बनायचे. मी पर्मनंट झाल्याशिवाय पैठणचे माझे होणारे सासरे लग्नाची तारीख काढायला तयार नव्हते. आणि मॅनेजरनं सांगितलेलं, माल वेळेवर जात नाही, उशीर कुठं होतो ते महिन्यात शोधा, मग पर्मनंटचं बघू.

झालं! स्टॉपवॉच घेऊन मी मशीनींच्या मागं लागलो. ड्रिलचा वेग वाढवला. माल तेवढाच. लेथवाल्या भुजंगरावांचं बिडी ओढायला जाणं बंद केलं. माल तेवढाच, वर भुजंगराव माझ्याशी बोलेनात. लई मेहनत केली हो मी! पंधरा दिवस स्वतःच्या टेबलाकडं धड फिरकलोसुद्धा नाही.

आमचे जुने फोरमन गफूरभाई. त्यांना शेवटी माझी दया आली.

"साहेब, मशीनच्या मागं कायकू पळता? मालाच्या मागं चला ना."

त्यांनी एका ट्रॉलीला कागद बांधला. ट्रॉली जिथं जाईल तिथं आल्याची आणि निघाल्याची वेळ लिहायची, बस्स. इतकी सोपी गोष्ट मला का सुचू नये, सांगा बरं?

ट्रॉली गेटवर पोचली तसा मी कागद सोडला आणि थेट मॅनेजरपुढं ठेवला. भुजंगरावच सापडणार याची इतकी खात्री, की वाचलासुद्धा नाही.

मॅनेजर वाचू लागले. ड्रिल, चाळीस मिनिटं. लेथ, एक तास. मग त्यांनी चष्मा काढला.

"तपासणीच्या सहीसाठी तीन दिवस. ही सही कोण करतं?"

मी करतो. एरवीही दिवसभराच्या सह्या संध्याकाळी एकदमच ठोकायचो, आणि आता तर उशीर शोधायच्या नादात त्याही राहत होत्या.

उशीर सापडला हे मॅनेजरनं मान्य केलं, पर्मनंटचं पत्रही दिलं. फक्त माझं टेबल उचलून नेलं. सह्या लेथपाशी उभ्यानं करायच्या, ट्रॉली येईल तशी.

पुढच्याच आठवड्यात सासरे नोकरी बघायला आले. मी एक ट्रॉली पोचवायला गेलो होतो, परतलो तर ते लेथपाशी उभे. त्यांनी भुजंगरावांनाच गाठून विचारलं, आमचे जावई कुठं बसतात?

भुजंगराव शांतपणे म्हणाले, "त्यांना बसू नाय देत. ते बसले की कारखाना थांबतो."