हणमंतमास्तर आणि फुंकेचा आलेख

आदरणीय हणमंतमास्तर शेलार यांची आणि माझी पहिली भेट एका निर्जीव बासरीमुळे झाली.

मी विट्याची. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, दुकानामुळे दक्षिणेत असायचे. मी गावी राहून संगणकावर नाटकांना, भक्तिगीतांना संगीत करून देत होते. एका गीतातली बासरी काही केल्या जिवंत वाटेना. कुणीतरी सांगितलं, साताऱ्यात मेढ्याकडचे एक निवृत्त क्लॅरिनेटवादक आहेत, सैन्याच्या बँडमध्ये होते, आता संगणकावरही काम करतात. मी फाइल घेऊन गेले. मास्तरांनी ती ऐकली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “पोरी, हा वाजवणारा दम कुटं घेतो गं?”

वाजवणारा कुणी नव्हताच. ती बासरी मी संगणकाला जोडलेल्या, पेटीसारख्या कीबोर्डवर वाजवली होती. या कामाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडं सांगते. संगणकात अशा वेळी आवाज साठत नाही, सूचना साठतात. कोणता सूर, केव्हा, किती वेळ. आणि त्या सुराखाली एका पट्टीत, तो फुगला कसा, ओसरला कसा, याचे शून्य ते एकशे सत्तावीसमधले आकडे. या आकड्यांना कंट्रोलर डेटा म्हणतात. मी तीन दिवस बसून माउसने एकेक टिंब मांडलं होतं.

“ही मुंग्यांची रांग कशाला?” म्हणत मास्तरांनी ती सगळी टिंबं पुसली. मग त्यांनी गाणं सुरू केलं, डोळे मिटले आणि कीबोर्डवरची एक सरकपट्टी सुरांबरोबर वरखाली केली. फक्त एकदा. उमटलेल्या रेषेतली अनावश्यक टिंबं एका आज्ञेनं विरळ केली, वळणं तेवढी ठेवली. तशीच ओळ पुढे जिथे जिथे येत होती तिथे तोच आकार उतरवला आणि प्रत्येक ठिकाणी किंचित बदलला. “दोनदा सारखा श्वास माणूस घेत न्हाई,” ते म्हणाले. जेवणाआधी बासरी तयार होती.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जातच राहिले. मास्तर शिस्तीचे आहेत, तापटही आहेत. दुसऱ्यांच्या लग्नात वरातीतल्या बँडला थांबवून सूर जुळवायला लावलेलं मी स्वतः पाहिलं आहे. पण मी विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाला त्यांनी कधी क्षुल्लक म्हटलं नाही. उत्तर ठाऊक नसलं की त्यांना जास्त आनंद होतो. “आता बघूया गड्या,” म्हणून ते बाह्या सरसावतात.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. बोलणं हळूहळू सुधारलं, पण फुंक ओठांच्या कोपऱ्यातून निसटू लागली. क्लॅरिनेट पेटीत गेलं. त्याच सुमारास कडेगावच्या महिलांच्या एका नाटकाचं संगीत माझ्याकडे होतं. सुट्टी संपवून सीमेवर परतणाऱ्या जवानाच्या प्रसंगाला क्लॅरिनेटच हवं होतं. मास्तरांना वाईट वाटेल म्हणून मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते कळलंच.

“मला का विचारलं न्हाईस?” त्यांनी फोनवर एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्यात होते.

त्यांनी फुंकेचा जोर मोजणारी एक छोटी नळी मागवून ठेवली होती. उजव्या हातानं कीबोर्डवर सूर, डाव्या हाताच्या बोटानं दाबून धरलेला ओठ, आणि तोंडात नळी. ते वाजवत होते, मी पडद्याकडे पाहत होते. आकडा तिसाच्या वर जाईना. आवाज तर कुजबुजल्यासारखा. मला त्यांच्याकडे बघवेना. मास्तर मात्र खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले होते.

“बघ की! चढायची जागा तीच हाय, उतरायची तीच. उंची तेवढी कमी हाय.”

त्यांनी सगळी पट्टी निवडून आकडे चौपट केले. क्लॅरिनेट कर्कश थरथरू लागलं. गळणाऱ्या फुंकेचे बारीक धक्केही चौपट झाले होते. त्यांनी तो बदल मागे घेतला, आधी धक्के विरळ केले, मग उंची वाढवली. मग दुसऱ्या फेरीत कीबोर्डच्या कडेचं, सुराला बाक देऊन वरखाली सरकवणारं चाक फिरवून सुरांना खालून वर घेण्याची त्यांची खास लकब भरली. शेवटच्या दोन ओळी बेसूर लागल्या तेव्हा आम्ही दोघंही गोंधळलो. त्यांनी आकड्यांची यादी उघडली, बोट लावत वाचत गेले आणि चूक सापडली. एका ठिकाणी चाक मध्यावर परतलंच नव्हतं. तो एक आकडा शून्य, म्हणजे चाकाचा मध्य, केला आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

शेजारच्या खोलीत मेथी निवडत असलेल्या कमलकाकू, मास्तरांच्या पत्नी, दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आवं, तुमी कवा वाजवलं?”

मास्तरांनी काकूंना खुर्ची दिली आणि ते पुन्हा लावलं. पुढे कडेगावच्या प्रयोगात त्या प्रसंगाला पुढच्या रांगेतल्या बायका, ज्यांच्या घरचे फौजेत आहेत अशा, तो संपल्यावरही जागच्या हलल्या नाहीत. श्रेयनामावलीत क्लॅरिनेटपुढे मी मास्तरांचं नाव लिहिलं होतं. ते वाचून त्यांनी मान डोलावली.

आज मास्तर पंचाहत्तर वर्षं पूर्ण करत आहेत. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. एकाच वेळी वाजणाऱ्या चार सुरांपैकी प्रत्येकाला वेगळा बाक देता येतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आहे, आणि ते कसं हे त्यांना रविवारी बघायचं आहे. मी जाणार आहे. मास्तरांची दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, छाती मजबूत राहो, काकूंची सोबत लाभो, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टींचा त्यांचा साठा शंभरी ओलांडली तरी संपू नये, ही आम्हा सर्व शिष्यांची मनापासून प्रार्थना.