तिसऱ्या ओळीवरची काट

आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर सुईणींसाठी सूचनांचा तक्ता होता. तिसरी ओळ अशी : ‘मूल जन्मताच कोमट पाण्याने अंघोळ घालावी.’ मी तिथे औषधं वाटायचो. सात वर्षं त्या ओळीखाली बसलो, पण मान वर करून कधी वाचली नाही. वाचली ती भागीरथी सिस्टरनी.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात पारनेरच्या माळावर त्यांच्या डोळ्यांदेखत दोन बाळं अंघोळीनंतर गार पडून गेली. सिस्टर भडकल्याच. तेव्हापासून उलट्या हातानं प्रत्येक बाळाचे तळपाय बघायच्या आणि वहीत लिहायच्या : अंघोळ घातली की नुसतं पुसून आईच्या छातीशी दिलं, पाय गरम की गार, आठवड्यानं बाळ कसं. दोन हिवाळ्यांची वही त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवली.

डॉक्टर माणूस बरे, पण हट्टी. म्हणाले, “अंघोळ घातलेलीही फारशी दगावलेली नाहीत, सिस्टर. एवढ्यावर तक्ता कसा बदलू?”

सिस्टरचा चेहरा उतरला. पुन्हा थंडी तोंडावर आली होती, वस्त्यांवर नऊ बायकांचे दिवस भरत आले होते. तक्ता तसाच राहिला तर त्या नऊ बाळांनाही जन्मताच अंघोळ घातली जाणार होती.

महिन्याच्या बैठकीत त्यांनी वही सुईणींना वाचून दाखवली. बनुबाई सगळ्यांत जुन्या सुईण, अंघोळीच्या कट्टर, सिस्टरशी त्यांचं कधी पटलं नाही. “वरच्या वस्तीवर पौषात एक बाळंतपण,” सिस्टरनी वाचलं.

“एक न्हाई बाई, तीन,” बनुबाई उठल्या. “दोन गेली.”

“मग मला कुणी सांगितलं कसं नाही?”

“बारशाआदी गेलेल्या पोराचं नाव कोन काढतंय? घरचे म्हनत्यात, झालंच न्हाई. त्या दोघांस्नी मीच घातली हुती अंघूळ.”

मग त्या बोटांच्या पेरांवर एकेक घर मोजत गेल्या. इतर सुईणीही बोलू लागल्या. वहीत नसलेली, दगावलेली बारा बाळं त्या दुपारी वहीत आली. अकरा अंघोळ घातलेली, एक नुसतं पुसलेलं. “तेही लिहिते,” सिस्टर म्हणाल्या. मला माझ्या सात वर्षांची लाज वाटली.

डॉक्टरांनी सगळी बेरीज दोनदा तपासली, स्वतः स्टुलावर चढले आणि तिसऱ्या ओळीवर काट मारून शेजारी लिहिलं : ‘बाळ कोरडे पुसून आईच्या उबेत ठेवावे. पहिल्या दिवशी अंघोळ नको.’ सिस्टरनी खाली आणखी एक ओळ लिहायला लावली : ‘ही सूचना दरवर्षी वहीशी ताडून पाहावी.’

त्या हिवाळ्यात नऊ बाळंतपणं झाली आणि नऊच्या नऊ बारशांच्या घुगऱ्या मी खाल्ल्या. नववं बाळंतपण बनुबाईंच्याच घरी, त्यांच्या नातसुनेचं. सिस्टर हजर होत्या. बाळ रडलं आणि चुलीपासून सून सवयीनं ओरडली, “आत्याबाई, पानी तापलंय!”

बनुबाईंनी उलटा हात पणतीच्या तळपायांना लावला. पाय गरम होते.

“मग च्या टाक त्यात,” त्या म्हणाल्या. “पयला कप बाईंना.”