पंचबाईंनी शिवलेली नावं

पंचबाई भोकं वाचत. पोस्टकार्डापेक्षा लांबट, जाड कागदाचं कार्ड खिडकीकडे धरायच्या, त्यातल्या बारीक चौकोनी भोकांवरून नजर फिरवायच्या आणि सांगायच्या, "हे हिंगण्याच्या देशमुखाचं आहे. वय चुकीच्या रकान्यात पडलं." कार्डावर छापलेलं अक्षर एकही नसे.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत प्रोग्रामर म्हणून लागले, तेव्हा संगणकाला माहिती अशा कार्डांवरूनच द्यावी लागे. प्रत्येक अक्षराची भोकं ठरलेल्या जागी. टाइपरायटरसारख्या यंत्रावर ती पाडणाऱ्या, म्हणजे पंचिंग करणाऱ्या, पंधरा बायका शेजारच्या खोलीत बसत. त्यांतल्या सर्वांत जुन्या, त्या पंचबाई. त्यांचं नाव शकुंतला, हे मला दोन वर्षांनी कळलं.

त्या शहरातल्या इंदोरा वस्तीत राहत. वडील कापडगिरणीत मागावर होते. "बाबा धागे जोडत, मी भोकं पाडतो," त्या म्हणायच्या, "दोघायचंही काम चुकलं तरच दिसते."

माझा पहिलाच प्रोग्राम चालेना, तेव्हा मी साहेबांपुढे पंचिंगला दोष दिला. पंचबाई कार्डांचा गठ्ठा घेऊन आल्या. वाद घातला नाही. माझ्या कागदावर बोट ठेवून हळूच विचारलं, "मॅडम, हे शून्य आहे का इंग्रजी ओ?" चूक माझ्या अक्षराची होती. साहेबांना त्यांनी एवढंच सांगितलं, "दुरुस्त झालं." बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "शून्याले आडवी रेघ मारत जा. आमाले समजते."

पुढे कार्डं गेली, पडदे आले. पंचिंगच्या बायका आवक-जावक विभागात विखुरल्या. पंचबाई निवृत्त झाल्या, बऱ्याच वर्षांनी मीही झाले. मग कचेरीने आपल्या संगणक विभागाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि मजकूर लिहायला मला बोलावलं. एक जुना फोटो होता. यंत्र, यंत्रापुढे चार अधिकारी, मागे या सगळ्या जणी. मी चारही अधिकाऱ्यांची नावं लिहिली आणि पुढे लिहिलं, 'मागे पंचिंग विभागातील महिला'.

पंचबाई काठी टेकत प्रदर्शन बघायला आल्या. फोटोखालची ओळ वाचली. "छान झालं," म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं, "आमची नावं तुमाले आठवली नाही, का लिहावी वाटली नाही?"

खरं उत्तर दुसरं होतं; लिहावी असं मला वाटलंच नव्हतं.

काही महिन्यांनी त्यांनी मला घरी बोलावलं आणि पलंगावर एक मोठं कापड पसरलं. त्याच बायकांच्या जुन्या सुती साड्यांच्या पंधरा पट्ट्या एकीखाली एक जोडल्या होत्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एक कार्ड. जिथे भोक हवं तिथे कापड कापून खाली दुसऱ्या रंगाचा तुकडा लावला होता, कडा बारीक टाक्यांनी दुमडल्या होत्या. साड्यांसाठी त्या ऑटोने घरोघरी फिरल्या होत्या. ज्या गेल्या, त्यांच्या सुनांकडून मागून आणल्या होत्या.

"वाचा," त्या म्हणाल्या. मला येईना. तेव्हा त्यांनीच बोट फिरवत वाचलं. "हे नलिनी. हे मुमताज. हे तुळसा. अन् हे मी."

शेवटच्या पट्टीला एकही भोक नव्हतं. खालचं कापड मात्र लावून ठेवलं होतं.

"ही कोण?"

"सहा महिने होती. लग्न ठरलं अन् गेली. आमी तिले नवी म्हणत होतो. नाव कोणालेच आठवून नाही राहिलं. कापडही तिचं नाही, माह्या साडीचं आहे."

ते कापड मी प्रदर्शनात फोटोशेजारी लावून घेतलं. फोटोखाली चौदा नावं लिहिली आणि पुढे, 'एक नाव माहीत नाही'. एका अधिकाऱ्याने कापडाखाली 'महिला कर्मचाऱ्यांची हस्तकला' अशी पाटी सुचवली. पंचबाई शांतपणे म्हणाल्या, "हस्तकला नाही साहेब. हजेरी आहे." पाटी लागली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या रामदासपेठेतल्या दवाखान्यात होत्या. मी गेले की विचारायच्या, "नवीचं नाव भेटलं काय?" मी खरंच शोधत होते. कचेरीतली जुनी रजिस्टरं रद्दीत गेली होती. एका दुपारी त्यांना फार धाप लागली होती. माझ्याच्याने बघवेना. मी म्हटलं, "भेटलं. सुशीला नाव होतं तिचं."

त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कोणी सांगितलं?"

मी त्यांचं पांघरूण नीट करू लागले. त्यांनी माझा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत मला कधी अगं-तुगं केलं नव्हतं, ते आता केलं.

"राहू दे वं. कोरं आहे तर कोरंच राहू दे. दुसरीचं नाव टाकलं, तर मंग तिले कोणी शोधनारच नाही."

चार दिवसांनी त्या गेल्या.

परवा मुमताजबाईंचा फोन आला होता. नवीचं माहेर कामठीकडचं असावं, असं त्यांना अंधुक आठवतंय. रविवारी आम्ही दोघी कामठीला जाणार आहोत.