सल्ला माझा, शाफ्ट दिनकरचे

मंडळी, आज सकाळी छावणीतल्या गोल्फ मैदानावर माझा जीव लई जळला.

माझा मित्र दिनकर माझ्याच वयाचा, एकसष्टचा. "तुझा स्विंग मंदावलाय, आयर्नच्या काठ्यांना हलके, लवचिक स्टीलचे शाफ्ट बसवून घे," असं त्याला हसत हसत सांगणारा मीच. माझ्या काठ्यांचे दांडे मात्र जड आणि कडकच ठेवले.

आज दर फटक्याला त्याचा चेंडू माझ्या पुढं पडला. वरून सगळ्यांसमोर म्हणाला, "याच्याच सल्ल्यामुळं झालं हे. घे, तू बी मारून बघ."

मी म्हणालो, "खांदा दुखतोय."

तो पाणी प्यायला गेला तेव्हा त्याच्या काठीनं गुपचूप मारून बघितलं. चेंडू उंच, सरळ गेला. माझा असा कित्येक महिन्यांत गेला नव्हता.

आता तसलेच शाफ्ट मला बी पाहिजेत. पण दिनकरला काय सांगू, खांदा बरा झाला म्हणून?